गर्दीची धास्ती अन् डोळ्यावरचा चष्मा

तरुण पोरांच्या मनाच्या आजारावर विलायतेत नवा इलाज. आपल्या गावाला त्यातून काय घेता येईल?

घाटाखालचं रोहिणखेड हे आपल्या जिल्ह्यातलं जुनं गाव. १५८२ साली बांधलेली मशीद आजही इथं उभी आहे. या गावाच्या शिवारानं १४३७ आणि १५९० साली मोठ्या लढाया पाहिल्या, त्यांची नोंद इतिहासात आहे. पण एक लढाई अशी आहे की तिची नोंद कुठंच होत नाही. ती रोहिणखेडात असेल, मोताळ्यात असेल, धामणगाव बढ्यात असेल किंवा घाटावरच्या एखाद्या वाडीत असेल. घराच्या उंबरठ्यापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत पाच मिनिटांची वाट, आणि तेवढी वाट चालून जाणं एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला डोंगर चढण्यापेक्षा अवघड होऊन बसलेलं.

"पोरगं घराबाहेर निघतच नाही भाऊ. थांब्यावर गेलं की म्हणते, सारे माह्याकडेच पाहून राह्यले. पारावर चार जण हसले की म्हणते, मलेच हसून राह्यले. आता तर जेवाले बी सगळ्यासंगं बसत नाही." अशी तक्रार ऐकली नाही असं गाव शोधून सापडणार नाही. हे कुण्या एका घरचं चित्र नाही, म्हणून इथं कुणाचं नाव नाही. पोरगं बारावीपर्यंत बरं शिकतं, पुढं शिकायला शहरात जातं, सहा महिन्यांत परत येतं आणि मग घरातल्या मागच्या खोलीत बसतं. रात्री झोपत नाही, एकटंच पुटपुटतं. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. भाऊबंद म्हणतात, कामाचा कंटाळा. बाप कुणाला काही सांगत नाही आणि माय देव्हाऱ्यासमोर बसून राहते.

या लेखात अशा पोरापोरींबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, इंग्लंड-हॉलंडात त्यांच्यासाठी निघालेल्या एका नव्या इलाजाची. दुसरी, त्या इलाजातलं मर्म आपल्या गावात, यंत्राशिवाय, किती वापरता येईल त्याची.

आळस नव्हे, आजार

डॉक्टर या आजाराला सायकोसिस म्हणतात. त्यातला सगळ्यांत ठाऊक असलेला प्रकार म्हणजे स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता. यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, आपल्या जेवणात काही कालवलं आहे, अशा शंका पक्क्या होऊन बसतात. समजावून त्या जात नाहीत, कारण त्या माणसाला ते खरंच तसं दिसतं, खरंच तसं ऐकू येतं.

आजार बहुधा सोळा ते तीसच्या दरम्यान डोकं वर काढतो. म्हणजे शिक्षण, कामधंदा, लग्न, सारं ज्या वयात जमायचं त्याच वयात. जगभरचा अंदाज असा की साधारण तीनशे ते साडेतीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. सात हजार वस्तीचं गाव धरलं तर हिशेबानं वीसेक माणसं झाली. आपल्याला त्यातली दोन-तीनच ठाऊक असतात. बाकीची घराच्या आत आहेत.

हा आजार कुणाच्या पापानं होत नाही, करणीनं होत नाही, की आईबापानं वाईट वाढवलं म्हणूनही होत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर धोका थोडा वाढतो. गांजाची सवय, त्यातही कोवळ्या वयात लागलेली, हा धोका आणखी वाढवते. गावात गांजा मिळतो ते ठाऊक असूनही आपण काणाडोळा करतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

औषधांनी आवाज आणि शंका पुष्कळांच्या कमी होतात. मात्र जितका उशीर तितकं गाडं रुळावर यायला जड. कपाशीवरच्या बोंडअळीचं जसं आहे, पहिल्या खुणा दिसल्या तेव्हा हात हलवला तर पीक हाती लागतं, नुसतं बघत बसलो तर फवारणीचा खर्चही वाया, तसंच काहीसं इथं होतं.

पण औषधानं एक गोष्ट आपोआप होत नाही. आवाज थांबले तरी पोरगं उठून लोकांत जात नाही. वर्ष-दोन वर्षं खोलीत गेलेली असतात. सोबती पुढं निघून गेलेले असतात. दुकानात काय बोलावं, कुणी 'काय करतो सध्या' विचारलं तर काय उत्तर द्यावं, याची सवयच मोडलेली असते. शिवाय मनात धास्ती असते की लोक पाहतील, हसतील, काही करतील. अंगातला हुरूप जाणं हा तर या आजाराचाच एक भाग आहे. आपण त्याला आळशी म्हणतो, आणि तो आणखी आत जातो.

नेमक्या या ठिकाणी तो नवा इलाज कामाला येतो.

चष्म्यातली एस.टी.

व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे नाव आता खेड्यातल्या पोरांनाही मोबाईलमुळं ठाऊक झालं आहे. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखं यंत्र बांधतात. त्यात दोन्ही डोळ्यांपुढं पडदा असतो, कानात आवाज येतो. मान डावीकडं वळवली की डावीकडचं दिसतं, मागं वळलं की मागचं. थोड्याच वेळात मन फसतं. आपण खोलीत उभे आहोत हे ठाऊक असूनही अंगाला वाटतं की आपण त्याच जागी आहोत. विहिरीच्या काठावर उभं असल्याचं चित्र दाखवलं तर पाय खरोखर मागं सरतात.

डॉक्टरांनी हाच गुण पकडला. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं सायकोसिसच्या रुग्णांसाठी असा एक इलाज तयार केला. त्यात चष्म्याच्या आत सहा जागा आहेत. घराबाहेरचा रस्ता, बस, दुकान, चहा-कॉफीचं हॉटेल, दारूचा गुत्ता आणि दवाखान्यातली बसायची जागा. रुग्ण यातली एक जागा निवडतो. सुरुवातीला बसमध्ये एक-दोनच माणसं. ती जमली की चार, मग दहा, मग कुणी अंगाशी येऊन उभं राहतं, कुणी रोखून पाहतं. पायरी पायरीनं गर्दी वाढवत नेतात.

चष्म्याच्या आत एक चित्रातली शिक्षिका असते. ती आधी विचारते, आत गेल्यावर काय होईल असं वाटतं? रुग्ण म्हणतो, सारे माझ्याकडं वळतील, कुणी अंगावर येईल. ती म्हणते, जाऊन पाहू. मग तो जातो. खाली मान घालून नाही, कोपऱ्यात पळून नाही, तर नजर वर करून, समोरच्याकडं पाहून. बाहेर आला की ती विचारते, झालं का तसं? नाही झालं. असं दहादा नाही झालं की मनाला हळूहळू पटायला लागतं. व्याख्यान देऊन जे पटत नाही ते जाऊन आल्यानं पटतं.

एक बैठक साधारण अर्ध्या तासाची. अशा सहा बैठका. खोलीत एक खरं माणूसही सोबत असतं. ते डॉक्टरच असायला हवं असं नाही. शिकवून तयार केलेला मदतनीस, किंवा याच आजारातून स्वतः सावरलेला माणूसही ते काम करतो.

निकाल काय लागला?

आता शेतकऱ्याचा पहिला प्रश्न. वाण नवं आहे हे ठीक, पण उतारा किती?

ऑक्सफर्डच्या या इलाजाची चाचणी ३४६ रुग्णांवर झाली आणि तिचा निकाल २०२२ साली छापून आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि वर हा चष्मा. सहा आठवड्यांनी पाहिलं तर चष्मेवाल्यांची बाहेर जायची टाळाटाळ आणि त्यातला त्रास दुसऱ्यांपेक्षा कमी झाला होता. सहा महिन्यांनी मात्र सगळे मिळून पाहिलं तर दोन्ही बाजूंत फारसा फरक उरला नव्हता. पण ज्यांची अवस्था सुरुवातीला सर्वांत वाईट होती, जे घराबाहेर जवळजवळ पडतच नव्हते, त्यांचा फायदा टिकला. २०२३ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञ संस्थेनं, आणखी पुरावा गोळा करत राहण्याच्या अटीवर, अशा बिकट अवस्थेतल्या रुग्णांसाठी हा इलाज वापरायला हरकत नाही असं सांगितलं.

त्याआधी २०१८ साली हॉलंडातल्या एका चाचणीचा निकाल आला होता. ११६ रुग्ण, सोळा बैठका, चष्म्यात रस्ता, बस, हॉटेल आणि मोठं दुकान. लोकांबद्दलचा संशय कमी झाला, चारचौघांतली धास्तीही कमी झाली. पण माणसांसोबत घालवलेला वेळ काही म्हणावा तसा वाढला नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. भीती गेली, पण सोबत आली नाही. भीती यंत्रानं घालवता येते. सोबत मात्र माणसांनीच द्यावी लागते.

कोरियातल्या एका चाचणीतूनही, तिचा निकाल २०११ चा, अशीच गोष्ट निघाली. ९१ रुग्णांना लोकांत वागायचं कसं ते शिकवलं. काहींना चष्म्यातल्या चित्रांसोबत सराव, काहींना खऱ्या माणसांसोबत नाटकासारखा सराव. बोलणं आणि आपलं म्हणणं ठामपणे मांडणं हे चष्म्यानं जास्त सुधारलं. पण हावभाव, नजर, न बोलता कळणाऱ्या खुणा खऱ्या माणसांसोबतच्या सरावानं जास्त सुधारल्या.

म्हणजे हा चष्मा जादूचा नाही, पण निव्वळ खेळणंही नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. आपल्या गावच्या दवाखान्यात उद्या हा चष्मा येईल अशी आशा धरून कुणी बसू नये. जत्रेत किंवा मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळणारा चष्मा आणून पोराच्या डोळ्यांवर बांधू नये, हेही तितकंच खरं. भुताखेताचे, मारामारीचे खेळ त्यात असतात आणि आजारी मनाला ते उलटे पडू शकतात. इलाज चष्म्यात नसतो, सोबत बसून शिकवण्यात असतो.

साताऱ्याचा अनुभव

मग यंत्र नसलेल्या मुलखानं काय करावं? याचं एक उत्तर आपल्याच राज्यातून मिळालं आहे. तामिळनाडू, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. काही रुग्णांना फक्त दवाखान्यातले नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना त्यासोबत घरी येणारा गावपातळीवरचा कार्यकर्ता दिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, साधी शिकलेली माणसं होती, त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. ते घरी जात, औषध चालू आहे ना ते पाहत, घरच्यांना आजार समजावत, रुग्णाला दिनक्रम लावायला, कामाकडं आणि लोकांकडं परत वळायला मदत करत.

वर्षाअखेरीस घरी कार्यकर्ता येणाऱ्यांचा आजार आणि त्यातून येणारी असमर्थता दोन्ही दुसऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. सर्वांत जास्त लाभ तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला, म्हणजे जिथं आधी सोयी कमी होत्या तिथं. खेड्यातल्या वाचकानं ही ओळ दोनदा वाचावी.

त्याच तामिळनाडूत चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेनं २०१० पासून पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवली. बसमध्ये पडदा, पडद्यावर चेन्नईचा डॉक्टर, तिथंच औषधं. रुग्ण बसपर्यंत येऊ शकत नव्हता म्हणून बसच गावात आली. आपल्याकडं पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली. वाणी धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून ते या कामात आले. २००४ सालचा 'देवराई' हा मराठी चित्रपट याच आजारावरचा, त्याच्या मागंही त्यांचा आधार होता. घरात आजार आला म्हणून दार लावून न घेता त्यांनी दार उघडलं, हे त्यातलं घेण्यासारखं.

गावातल्या पायऱ्या

आता रोहिणखेडचाच विचार करू. विलायतेत लाखो रुपये खर्चून चष्म्यात बस, दुकान आणि रस्ता उभा करावा लागला. आपल्याकडं तो पाऊलभर अंतरावर आहे. पिठाची गिरणी आहे, किराणा दुकान आहे, पार आहे, एस.टी.चा थांबा आहे, आठवडी बाजार आहे. फरक एवढाच, की चष्म्यातली गर्दी कळ दाबून कमी-जास्त करता येते. खऱ्या बाजाराला अशी कळ नाही.

पण गावातही एक कळ आहे. ती म्हणजे घड्याळ. सकाळच्या पहिल्या गाडीला थांब्यावर दोन माणसं असतात, शाळा सुटल्यावर पन्नास. गिरणीवर भर दुपारी कुणी नसतं, संध्याकाळी रांग असते. बाजार भरात असताना पाय ठेवायला जागा नसते, उठायच्या वेळी मोकळा असतो. वेळ पाहून जागा निवडली की गर्दीच्या पायऱ्या आपोआप तयार होतात.

पोरगं औषधावर स्थिरावलं असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर घरातल्या एका जवळच्या माणसानं हे काम अंगावर घ्यावं. थोरला भाऊ असेल, मामा असेल, वहिनी असेल. सारवासारव करणारा नको, रागावणाराही नको.

पहिली पायरी ओसरीवर बसण्याची. रस्त्यानं जाणारा-येणारा दिसेल असं, रोज थोडा वेळ. दुसरी, भर दुपारी गिरणीपर्यंत जाऊन येण्याची. तिसरी, दुकानातून एकच वस्तू आणण्याची. पैसे त्यानं द्यायचे, मागायचं त्यानं, सोबत्यानं दोन पावलं मागं उभं राहायचं आणि त्याच्या वतीनं बोलायचं नाही. चौथी, थांब्यावर उभं राहून नुसती गाडी येऊन जाताना पाहण्याची. पाचवी, गाडीत बसून पुढच्या थांब्यापर्यंत. सहावी, बाजार उठायच्या वेळी एक चक्कर. लग्नाची पंगत आणि भरला बाजार सर्वांत शेवटी.

प्रत्येक वेळी निघण्याआधी विचारायचं, "तुले काय वाटते, काय होईन?" आणि परत आल्यावर विचारायचं, "मंग, झालं का तसं?" एवढंच. वाद घालायचा नाही. "वेड्यासारखं काय बोलतो" म्हणायचं नाही. आणि "हो, ते तुझ्याकडंच पाहत होते" असं म्हणून त्याच्या शंकेला खतपाणीही घालायचं नाही. एक पायरी चार-पाच वेळा सहज जमली की मगच पुढची. एखाद्या दिवशी नाही जमलं तर मागच्या पायरीवर यायचं, त्यात हार नाही. ओढून न्यायचं नाही, फसवून तर मुळीच न्यायचं नाही.

आवाज वाढले, झोप पार उडाली, शंका नव्यानं पक्क्या व्हायला लागल्या, तर पायऱ्या तिथंच थांबवून आधी डॉक्टर. आणि औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतं, कधी हातपाय ताठ होतात किंवा थरथरतात, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. "आता बरं वाटते" म्हणून गोळ्या सोडल्या आणि आजार दुप्पट जोरानं उलटला, हे पुष्कळ घरांत घडतं.

चष्म्यात आणखी एक सोय आहे जी घड्याळानं होत नाही. चष्म्यातली माणसं खरंच हसत नाहीत, टोमणा मारत नाहीत. आपल्या पारावरची मारतात. "काय रे, निघाला का बाहेर?" एवढं एकच वाक्य, हसत हसत म्हटलेलं, महिनाभराची मेहनत मातीत घालतं. मनात शंका होती की लोक हसतील, आणि लोक हसलेच! मग त्या पोरानं कुणावर विश्वास ठेवावा? म्हणून या इलाजाचा अर्धा भाग घरच्यांच्या हातात आहे आणि अर्धा गावाच्या. दुकानदारानं इतर गिऱ्हाइकासारखंच सामान द्यावं, कंडक्टरनं तिकीट द्यावं, पारावरच्यांनी राम राम करावा. जास्त काही करायची गरज नाही.

सैलानी, दवा आणि दुआ

आपल्या जिल्ह्यात हा विषय काढला की पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीचं नाव निघतंच. होळीच्या यात्रेला राज्याबाहेरूनही माणसं येतात. त्यांत मनाच्या आजाराची माणसं घेऊन आलेली कितीतरी कुटुंबं असतात. अंगावरचे कपडे आणि नारळ होळीत टाकले जातात. सर्व धर्मांचे लोक तिथं जातात, ही श्रद्धा कुणी हसण्यावारी नेऊ नये. दवाखाना दूर, डॉक्टर नाही, शेजारी नाव ठेवतात, अशा वेळी माणूस जाणार कुठं?

पण दुआ करावी आणि दवाही घ्यावी, यात भांडण कशाला? गुजरातमध्ये उनावा गावी मीरा दातार दर्ग्यावर हे करून दाखवलं गेलं आहे. तिथं मुजावरांना आजाराची ओळख करून दिली, ते आलेल्या रुग्णाला दुआ देऊन जवळच्या उपचार केंद्रात पाठवू लागले. दोन्ही हात एकत्र आले.

जे चालणार नाही ते म्हणजे साखळी, मार आणि धुरी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली. मनोरुग्ण खांबांना साखळदंडांनी बांधलेले होते. पळता न आल्यानं २८ जण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी केली आहे. घरात बांधून ठेवणं हेही त्यात आलं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवले आहेत.

लग्नाची घाई

"लगन लावून द्या, जबाबदारी आली की सुधरंन." हा सल्ला प्रत्येक घराला मिळतो, आणि त्यानं दोन घरं बुडतात. लग्न हे या आजाराचं औषध नाही. आजार लपवून सोयरीक केली, गोळ्या सासरी लपवून घ्यायला लावल्या किंवा बंदच केल्या, तर पहिल्या वर्षात सारं उघडं पडतं. मुलीच्या बाबतीत तर तिला गाठोड्यासकट माहेरी आणून सोडतात. बरी झालेली कितीतरी माणसं संसार करतात, पण समोरच्या घराला सांगून, औषध चालू ठेवून आणि घाई न करता.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि आशाताई यांच्या हातात पुष्कळ आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारनं चालवलेला आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची तपासणी होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं तर तिथं कोणत्या वारी जायचं ते कळतं. राजूर घाट चढून बुलडाण्याला जायला काही घरांकडं गाडीभाड्याचे पैसे नसतात, सोबत माणूस नसतो. गावानं महिन्यातून एकदा अशा तीन-चार घरांची एक गाडी केली तरी खूप झालं. गुपित राखून, मात्र. नावांची यादी फळ्यावर लावायची नाही.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे. आजारामुळं असमर्थता ४० टक्के किंवा जास्त ठरली तर प्रमाणपत्र मिळतं आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातही हे रुग्ण बसतात. ग्रामसभेत हे विचारायला हरकत नाही.

पोलीस पाटलांसाठी एक महत्त्वाचं. बेवारस फिरणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला हाकलून पुढच्या गावच्या शिवेवर सोडणं हा उपाय नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० प्रमाणं पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि कोठडीत डांबायचं नाही.

ध्यानात ठेवा

● झोप उडणं, एकटं पुटपुटणं, सगळ्यांवर संशय, शिक्षण-काम अचानक सुटणं, अशा खुणा दिसल्या तर वर्षभर वाट पाहू नका. महिन्याच्या आत डॉक्टर गाठा.

● १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मदत सेवेचा मोफत नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे. मराठीत बोलता येतं.

● पोरगं मरणाची भाषा करत असेल तर ती धमकी समजू नका. एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवा, लगेच दवाखान्यात न्या. गाडीसाठी १०८.

● गांजा आणि दारू या आजारात विषासारखी आहेत.

● गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

शेवटची वाट

विलायतेतला चष्मा आपल्याकडं कधीतरी येईल. ट्रॅक्टर आला, ठिबक आलं, मोबाईल आला, तसा तोही येईल. येईल तेव्हा त्याचं स्वागत करू. पण तोवर मागच्या खोलीतल्या पोरानं थांबायचं कारण नाही. त्याची वाट उंबरठ्यापासून थांब्यापर्यंतच आहे, आणि त्या वाटेवर दुतर्फा आपलीच घरं आहेत.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीला थांब्यावर असा एखादा पोरगा थोरल्या भावाच्या मागं उभा दिसला, नजर खाली, हात घट्ट आवळलेले, तर त्याला काही विचारू नका. नुसतं "राम राम" म्हणा आणि आपल्या गाडीची वाट पाहत उभे राहा.